दोनदा नववी

"पण सांगाचाच कशाला?" बिलकिसने कढईतला कांदा हलवत पुन्हा तेच विचारलं. "त्या अमेरिकेतल्या बाईला आपली गावची शाळा ठाऊक हाय काय? कोण येतंय म्हसळ्याला बघाला?"

ताजुद्दीन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. कामावरून आला की हात धुऊन थेट ताटावर बसणारा माणूस, पण आज त्याला भुकेची आठवण नव्हती. इफरा, त्यांची एकुलती एक मुलगी, ओट्याला टेकून उभी होती. ती आईकडे न बघता बापाकडे बघत होती. उत्तर त्याने द्यायचं होतं, आणि कशाचंही उत्तर द्यायची त्याला जन्मभर धास्ती वाटत आली होती.

प्रकरण असं होतं. इफरा पोहायची, आणि फार वेगाने पोहायची. रियाधच्या बाहेर, अल खर्जच्या रस्त्यावर परदेशी लोकांची एक वसाहत होती. तिथल्या तलावाचे पंप आणि पाणी ताजुद्दीनच्या ताब्यात, आणि मागच्या खोल्यांत त्याचं बिऱ्हाड. वसाहतीत राहणाऱ्या कॅरोल मॅडम इंटरनॅशनल शाळेत शिकवत. तरुणपणी त्या अमेरिकेत आपल्या कॉलेजच्या संघातून पोहल्या होत्या. बायकांच्या वेळेत त्यांनी या पंपवाल्याच्या पोरीला पाण्यात पाहिलं आणि तिला हाताशी धरलं. बहरैनला भारतीय शाळांच्या स्पर्धा झाल्या, तिथे इफराने मोठमोठ्या शाळांच्या मुलींना मागे टाकलं. मॅडमनी आपल्या जुन्या कॉलेजला कळवलं, आणि मुलगी आम्हाला हवी, तिच्या शिक्षणाचा सगळा भार आमचा, असं तिकडून उत्तर आलं. अट एकच. अभ्यासाच्या नियमांत ती खेळाडू म्हणून पात्र ठरली पाहिजे.

अभ्यासात इफरा कच्ची नव्हती. त्यामुळे पात्रतेचं काय ते होऊन जाईल, असं सगळे धरून चालले होते. मग तिने नियम नीट वाचले आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नववीत पाऊल ठेवलं की चार वर्षं मोजायची. तेवढ्या काळात झालेले विषय धरायचे. पाचव्या वर्षी काहीही शिका, कितीही गुण मिळवा, खेळाडूच्या पात्रतेत ते येत नाहीत. आणि इफराची नववी दोनदा झाली होती. आता ती बारावीत होती, म्हणजे तिचं पाचवं वर्ष चालू होतं. बारावीचे विषय गळले की ती पात्रतेला कमी पडत होती.

नववी दोनदा का झाली, तर बाप घाबरला म्हणून.

ताजुद्दीनचा भित्रेपणा हा बिलकिसच्या माहेरी चेष्टेचा विषय होता. घराला कुलूप लावून निघाला की अर्ध्या रस्त्यातून परत येऊन कुलूप ओढून बघायचा. विमान दुपारचं असलं तरी हा सकाळपासून विमानतळावर. साहेबाने नुसतं बोलावलं म्हटलं की हा सगळे कागद घेऊन हजर. पण दोन हजार तेरा सालची भीती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तेव्हा सौदीकरण, म्हणजे नोकऱ्या आधी सौदी माणसांना द्यायचं धोरण, एकदम कडक झालं होतं. इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, ज्या कफीलचं, जामीन राहिलेल्या मालकाचं, नाव असेल त्याच्याकडेच राहायचं, जो धंदा लिहिला असेल तोच करायचा. नाहीतर धरून मायदेशी रवानगी. ताजुद्दीनच्या इकाम्यावर धंदा होता घरगुती ड्रायव्हरचा, कफील होता दूर हाईलचा, आणि प्रत्यक्षात तो इथे पंप सांभाळत होता. अशी हजारो माणसं होती. त्यातली बरीचशी निवांत झोपत होती. हा झोपत नव्हता.

एकदा तो ओळखीच्या गाडीतून रियाधच्या बाजारात, बत्ह्याला निघाला होता. नाक्यावर गाडी थांबवली, आणि शेजारी बसलेल्या केरळच्या सुताराला पोलिसांनी खाली उतरवलं. सुताराने जाताना हातातली फळांची पिशवी ताजुद्दीनच्या मांडीवर ठेवली, परत येणार असल्यासारखी. ताजुद्दीनचा इकामा त्या दिवशी कोणी मागितलाच नाही. त्याच आठवड्यात त्याने बिलकिसला आणि इफराला विमानात बसवलं. आपल्याला धरलं तर या दोघी इथे उघड्यावर पडतील, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. बिलकिसने पुष्कळ सांगून पाहिलं. इफरा रडली. त्याने कोणाचं ऐकलं नाही. म्हसळ्याजवळच्या गावी इफरा नववीत बसली.

पुढे सरकारने कागद दुरुस्त करून घ्यायची मुदत वाढवली. वसाहतीच्या कंपनीने त्याचा इकामा आपल्याकडे करून घेतला, धंदाही खरा लिहिला, खलास, मिटलं. वर्षभराने दोघी परत आल्या, तर रियाधची शाळा म्हणाली, बोर्डाची नोंदणी नववीत होते, तुमच्या मुलीची इथे झालेली नाही, दहावीत घेता येणार नाही. बसली पुन्हा नववीत. तेव्हा कोणाला त्याचं काही वाटलं नाही. पाया पक्का होईल, असं बिलकिसच म्हणाली होती.

आता रियाधच्या शाळेच्या कागदांत बघितलं तर नववी ते बारावी ओळीने, विनाखंड. गावचं वर्ष मध्ये कुठे दिसतच नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी कॉलेजची बाई कॉम्प्युटरवरून इफराशी बोलणार होती आणि कुठे कुठे शिकलीस हे तोंडी विचारणार होती. गप्प बसलं की झालं.

बत्ह्यात कापडाचं दुकान सांभाळणारा चुलतभाऊ रहमतुल्लाही फोनवर हेच म्हणाला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे या देशात ज्याच्याकडे लपवायला काही नाही असा परदेशी माणूस शोधून सापडायचा नाही. आणि वर त्याने दुखऱ्या जागी बोट ठेवलं. यंदा पुन्हा सौदीकरणाचा जोर होता. देखरेखीच्या जागा इथल्या माणसांना द्यायच्या, असं ताजुद्दीनच्या कंपनीत ठरत होतं. उन्हाळ्यात इकामा वाढेल याची कोणी हमी देत नव्हतं. तुमचं बिऱ्हाड उठणारच आहे, पोर तरी मार्गाला लागू दे, असं रहमतुल्ला म्हणाला. ताजुद्दीनला ते पटलं. पटलं म्हणून तो जास्तच घाबरला.

"अब्बा, बोला ना," इफरा म्हणाली. "मैं क्या बोलूँ उनको? तुम्ही सांगाल ते मी बोलेन."

शुक्रवारपर्यंत बघू, असं म्हणून त्याने वेळ मारून नेली.

ते दिवस त्याने कसे काढले ते त्याचं त्यालाच माहीत. खरं सांगितलं तर पोरीचं नशीब आपल्या हाताने पुसणार. एकदा घाबरून तिचं वर्ष घालवलं, आता घाबरून तिचं आयुष्य घालवतोय, असं ती मनात म्हणणार. आणि लपवलं तर? त्याचा जीव वारंवार तिथे जाऊन अडकत होता. लपवलं तर ती जाईल, पोहेल, बक्षिसं मिळवेल, आणि प्रत्येक बक्षीस घेताना आधी मागे वळून बघेल. दारावर कोणी टकटक केली तरी वाटेल, कळलं बहुतेक. तसं जगणं कसं असतं ते त्याला कोणी सांगायला नको होतं. दुसऱ्याच धंद्याचा इकामा खिशात घालून तो कित्येक वर्षं जगला होता. समोर चांगलंचुंगलं ताट असायचं आणि घास उतरायचा नाही. बिलकिसला हे त्याने एकदा सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, तुमच्यासारखी नाय ती, घाबराची नाय. ते खरंही होतं. पण घाबरट कोणी आईच्या पोटातून येत नाही, हे बिलकिसला कसं कळावं?

शुक्रवारी असरच्या नमाजानंतर, ऊन कलल्यावर, बापलेक कॅरोल मॅडमच्या बैठकीत बसले. ताजुद्दीनने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता. पडद्यावरची बाई हसतमुख होती. तिने हवापाण्याचं विचारलं, पोहण्याचं विचारलं. मग शाळेवर आली. नववीपासून हीच शाळा का? इफरा हो म्हणाली. मग बाईने सहज, सगळ्यांनाच विचारत असेल तसं विचारलं, त्याआधी दुसऱ्या कुठल्या शाळेत नववी केली नव्हतीस ना?

इफराने मान वळवून बापाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर फक्त भीती होती. ताजुद्दीनने ती ओळखली. ती त्याची स्वतःची होती, आरशात रोज बघितलेली, आणि पोरीच्या चेहऱ्यावर ती त्याने कधी पाहिली नव्हती.

"नो, मॅडम," तो म्हणाला. "नाइन टू टाइम्स. फर्स्ट टाइम इंडिया. शी नो फेल. आय सेंड हर."

कॅरोल मॅडमना हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. पडद्यावरच्या बाईने का पाठवलं म्हणून विचारलं, आणि त्याने आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत इकाम्याचं, नाक्याचं सगळं सांगितलं. जमेल तिथे इफराने शब्द पुरवले. बाईने आभार मानले. खास बाब म्हणून विचारून बघते, म्हणाली.

रजबचा महिना सरता सरता उत्तर आलं. खास बाब होऊ शकत नव्हती. बारावीचे विषय धरता येणार नव्हते, आणि संघातली जागा दुसऱ्या मुलीला दिली होती. कॅरोल मॅडम स्वतः येऊन सांगून गेल्या. बिलकिस त्या दिवशी ताजुद्दीनशी एक शब्द बोलली नाही, आणि पुढेही बरेच दिवस कामापुरतंच बोलली.

इफरा खोलीबाहेरच्या पायरीवर बसली होती. तो जाऊन शेजारी बसला. ती रागावेल, दोन शब्द तोडून बोलेल, अशी त्याने मनाची तयारी केली होती.

"अब्बा, एक विचारू?" ती म्हणाली. "त्या वर्षी आम्हाला गावाला पाठवलं नसतं, तर काय झालं असतं?"

काहीही सांगता आलं असतं. मला धरलं असतं, तुरुंगात टाकलं असतं, तुम्ही रस्त्यावर आला असता. इतकी वर्षं तो स्वतःला तेच सांगत आला होता.

"काय नाय झाला असता," तो म्हणाला. "कायच नाय."

इफराने मान हलवली. मग उठून तिने दोरीवरचा टॉवेल ओढला.

"आता कुठं?" त्याने विचारलं.

"बायकांची वेळ झाली ना."

ती गेली. बायकांच्या वेळेत त्याला तलावाकडे फिरकायची बंदी होती. तो खाली पंपाच्या खोलीत गेला. पंप नीट चालू होता, बघण्यासारखं काही नव्हतं. पाणी आत घेणाऱ्या जाड पाइपावर त्याने तळहात ठेवला. पाणी वेगाने धावत होतं, पण कोण पोहतंय, किती जोरात पोहतंय, ते पाइपातून कळत नाही. ताजुद्दीनला रडू आलं आणि त्याने ते येऊ दिलं. वरून मुलींच्या हाका ऐकू येत होत्या. सूर्य मावळून मगरिबच्या अजानेला तलाव रिकामा झाला, तेव्हा तो दिवा मालवून बाहेर आला.