डावा आठ, उजवा सहा

मित्रांनो, मी एक जुना काळा बूट आहे. खरं तर आम्ही दोघे, डावा आणि उजवा. पण जन्मभर एकाच वाटेनं चाललो, म्हणून 'मी' म्हणतो. हुबळीत देशपांडे नगरातल्या एका घराच्या दाराबाहेर लाकडी मांडणी आहे. तिच्या सगळ्यात वरच्या फळीवर मी राहतो. आम्हाला घरात प्रवेश नसतो. पण दाराबाहेर राहणाऱ्याला आतलं सगळं ऐकू येतं.

माझा जन्म आग्र्याचा. तिथल्या एका कारखान्यात कातडं कापून, लाकडी फर्म्यावर ताणून, खाली तळ शिवून मला घडवलं. माझ्या घराण्याचं नाव ऑक्सफर्ड. विलायतेतल्या त्या विद्यापीठातली मुलं घोट्यापर्यंतच्या जड बुटांना कंटाळली आणि घोट्याखालचे बेताचे बूट घालू लागली, त्यावरून हे नाव पडलं असं म्हणतात. आमची खूण एकच. लेसच्या दोन्ही पट्ट्या पुढच्या कातड्याखाली शिवलेल्या असतात, त्यामुळे लेस बांधली की बूट दार लावल्यासारखा मिटतो. विद्यापीठाची गोष्ट खरी असेलच असं मी सांगत नाही. मी ज्या माणसाच्या पायात वाढलो, त्यानं मला कुठल्याही गोष्टीवर चटकन विश्वास ठेवायला शिकवलं नाही.

त्या माणसाचं नाव सुधींद्र. हुबळीच्या बाजारात त्यांचं बुटांचं दुकान होतं. ब्राह्मणानं चामड्याचं दुकान काढलं म्हणून नातेवाइकांनी बरीच नावं ठेवली होती. सुधींद्र त्यांना उत्तर देत नसत. ते फक्त त्यांच्या पायांकडे पाहत, आणि नातेवाईक आपोआप पाय मागं घेत.

दुकानात ते गिऱ्हाइकांना बुटांच्या गोष्टी सांगत. नक्षीदार भोकांचे ब्रोग काढले की म्हणत, "आयर्लंडात नि स्कॉटलंडात दलदल फार. बुटात शिरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तिथल्या लोकांनी भोकं पाडली."

"मग पावसात चालतील की हे," गिऱ्हाईक म्हणे.

"नाही चालणार. आता भोकं आरपार नसतात. नुसती शोभा."

माणूस खरा सरळ होता, पण धंद्यानं त्याला संशयी केलं. लग्नसराईत लोक बूट न्यायचे, मांडवात मिरवायचे आणि दुसऱ्या दिवशी "लागतात हो" म्हणून परत आणायचे. मी त्यांतलाच एक. मला परत आणलं तेव्हा सुधींद्रनी उलटं करून पाहिलं. तळाच्या शिवणीत अक्षतेचा पिवळा दाणा अडकला होता. गिऱ्हाईक तरीही देवाची शपथ घेत राहिलं. पुढं सुरकुती पडलेला बूट कुणी घेईना, म्हणून सुधींद्रनी मला स्वतःच्या पायात घातलं. तेव्हापासून ते माणसाचं तोंड पाहायच्या आधी त्याचे बूट पाहू लागले. पायात असल्यामुळं तो गुण मलाही लागला.

मित्रांनो, आता मुख्य गोष्ट. ती सत्त्याण्णव सालची.

सुधींद्रना एकच मुलगी, नेत्रा. ती धारवाडच्या एका कॉलेजात शिकवायची. तिथल्या ग्रंथालयात गोपाळ नावाचा तरुण कामाला होता. नेत्राच्या मनात तो भरला होता. तिनं आईला सांगितलं, आई कुसुमावतींनी सुधींद्रना सांगितलं, आणि एका रविवारी गोपाळला घरी बोलावलं.

सुधींद्रना दुकानातून यायला उशीर झाला. आम्ही पोचलो तेव्हा पाहुणा आत बसलेला होता. मांडणीजवळ त्याचे तपकिरी डर्बी बूट होते. डर्बी म्हणजे आमचे चुलत भाऊ. त्यांच्या लेसच्या पट्ट्या वरून शिवलेल्या, सुट्या असतात. हव्या तितक्या उघडतात, हव्या तितक्या आवळता येतात. डर्बीच्या एका उमरावाचे पाय जाड होते, त्याच्यासाठी ही सोय निघाली म्हणतात.

सुधींद्रनी सवयीनं वाकून बूट उलटे केले. डाव्यावर आठ आकडा होता. उजव्यावर सहा.

त्यांनी दोन्ही तळ एकमेकांना लावून पाहिले. रंग एक, कंपनी एक, मापं दोन. उजव्याच्या आत टाचेखाली बुचाचा जाड तुकडाही होता. माझ्या मनात आलं, हे कुठल्या तरी मांडवाच्या दारातून घाईत उचललेले आहेत. सुधींद्रच्याही मनात तेच आलं असणार, कारण त्यांनी मला काढताना लेस हिसकली.

आत गेल्यावर त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"बूट कुठून घेता आपण?"

"पुण्याहून मागवतो," गोपाळ म्हणाला.

"इथं मिळत नाहीत?"

"मिळतात. पण तिथल्यासारखे नाहीत."

सुधींद्र तिथूनच वळले. डोकं दुखतंय म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसले, आणि पाहुणा निरोप घेऊन निघाला तरी बाहेर आले नाहीत. गोपाळ दाराशी आला, भिंतीला हात टेकून खाली बसला आणि सावकाश बूट घातले. त्याची उजवी पोटरी मनगटासारखी बारीक होती. मला जे कळायचं ते कळलं. पण बुटाला सांगता कुठं येतं?

आत सुधींद्र म्हणत होते, "माणूस फसवा आहे. बूट दोन मापांचे आहेत त्याचे."

नेत्राचा आवाज शांत होता. "अप्पा, त्याचे पायच दोन मापांचे आहेत."

कुसुमावती म्हणाल्या, "लहानपणी पोलिओ झालाय त्याला. आत आला तेव्हाच मी बघितलं. तुम्ही येऊन बसला असता, तर तुम्हालाही दिसलं असतं."

"मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही फक्त पाय बघितला असता," नेत्रा म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही आधी त्याच्याशी बोलावं."

संशय असा एका वाक्यानं जात नाही, मित्रांनो. तो फक्त जागा बदलतो. आता सुधींद्रना वाटू लागलं, पायाचं हे असं आहे, तर आणखी काय काय असेल? कर्ज असेल, व्यसन असेल. एवढा हुशार मुलगा आजवर बिनलग्नाचा कसा राहिला? एक दिवस कुणाला न सांगता त्यांनी मला घातलं आणि धारवाडची बस पकडली. रायापूर येईपर्यंत ते पाय हलवत होते. माझ्या टाचा एकमेकींवर आपटून दुखू लागल्या.

गोपाळ मळमड्डीत दोन खोल्यांत राहायचा. दार उघडं होतं. उंबऱ्यावरूनच सुधींद्रना कॉटखाली रचलेली बुटांची खोकी दिसली. गोपाळ "या की, बसा" म्हणेपर्यंत त्यांनी एक खोकं ओढून उघडलंसुद्धा. आत कोरे बूट होते. दुसरं उघडलं, त्यातही कोरे.

"एवढा माल कुणाचा?" सुधींद्रनी विचारलं. दुकानातल्या चोराला विचारावं तसं.

गोपाळ रागावला नाही. "माझाच आहे. आकडे बघा."

प्रत्येक खोक्यात डावा सहा आणि उजवा आठ.

"मला दर वेळी दोन जोड घ्यावे लागतात," गोपाळ म्हणाला. "एक आठचा, एक सहाचा. दोन्हींतला एकेक मी घालतो. हे उरलेले. टाकवत नाहीत. मी त्यांना कधी पायात घातलेलं नाही, त्यांचा काही दोष नाही."

सुधींद्रनी एक बूट हातात घेतला. तळावरून अंगठा फिरवला, लेसची भोकं पाहिली, कातडं वाकवून पाहिलं. जन्मभर बूट विकणाऱ्या माणसाला कोरा बूट अंधारात पडलेला पाहवत नाही. माझ्या आत त्यांच्या पायाची बोटं आखडली होती, ती सैल झाल्याचं मला जाणवलं.

"माझ्या उलटा माणूस कुठं तरी असेलच," गोपाळ म्हणाला. "डावा पाय लहान असलेला. मला अजून भेटला नाही."

"लग्नाचं मी काही बोलत नाही," सुधींद्र म्हणाले. "पण हा एक जोड पिशवीत घालून द्या मला."

त्या दिवसापासून आमचं फिरणं सुरू झालं. बसस्टँड, स्टेशन, कोर्टाची पायरी. सुधींद्र लोकांचे पाय आधीही पाहायचे, पण आता पाहण्यात फरक पडला होता. लोकांना तो फरक कसा कळणार? स्टेशनवर एका बाईनं पदर सावरून त्यांना हटकलं. कोर्टात एक वकील म्हणाला, "काय हरवलंय तुमचं?" ते पिशवी सावरून पुढं जात.

एका सोमवारी आम्ही एका मठात गेलो. मठाच्या दाराशी लक्कव्वा नावाची बाई चपला सांभाळायची. मला तिच्या फळीवर ठेवून सुधींद्र अनवाणी आत जाण्याऐवजी फळ्यांसमोरच रेंगाळू लागले. वाकून वाकून बूट न्याहाळू लागले. एक-दोन तर त्यांनी उलटे करून पाहिले.

लक्कव्वानं काठी आडवी धरली. "काय शोधायलाय अण्णा? तुमचे बूट हे इथं आहेत की."

"काही नाही."

"पिशवी दाखवा बघू."

चार माणसं जमली. पिशवीतून नवा कोरा जोड निघाला. लक्कव्वानं तो फिरवून पाहिला आणि जमलेल्यांना दाखवला. "दोन बूट, दोन मापांचे. उचलताना घाई झाली काय?"

मित्रांनो, माझा मालक घामाघूम झाला. तीस वर्षं लोकांचे तळ तपासणाऱ्या माणसाचा तळ आता भर रस्त्यात तपासला जात होता. "माझे नाहीत, पण चोरलेले नाहीत," ते म्हणाले. "एकाचा उजवा पाय लहान आहे. त्याचे उरलेले आहेत हे."

"कोण एक?"

सुधींद्रनी जोड तिच्या हातातून परत घेतला. "माझा होणारा जावई."

हे वाक्य नेत्रानं ऐकलं नव्हतं, गोपाळनं ऐकलं नव्हतं. सगळ्यांत आधी मी ऐकलं, चपलांच्या फळीवर बसून.

लक्कव्वाला ते कितपत पटलं ते सांगता येत नाही. पण तिनं काठी खाली केली. "तुमच्या जावयाच्या उलटा एक इथं येतो. कचेरीत टायपिस्ट आहे. डाव्या बुटात कापड कोंबून घालतो. थांबा, येईल."

तो टायपिस्ट, सत्याप्पा, आला तो दाराच्या खांबाला धरत. त्यानं आमच्याकडे पाहिलं तेच कपाळाला आठ्या घालून. "फुकट कशाला द्यायलाय? खराब माल आहे काय?"

"घालून तर बघा."

"आणि पोलीस आले म्हणजे? ज्याचे आहेत त्या माणसाला दाखवा आधी."

सुधींद्रना राग यायला हवा होता. पण सत्याप्पाचा प्रश्न त्यांच्याच दुकानातला होता. त्यांनी त्याला बसमध्ये बसवून धारवाडला नेलं. मळमड्डीत गोपाळ दारात आला. दोघांनी एकमेकांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, आधी खाली पाहिलं. मग गोपाळ उंबऱ्यावर बसला, सत्याप्पा त्याच्या शेजारी. दोन लहान पाय मधोमध शेजारी आले. एक उजवा, एक डावा.

"भावा," सत्याप्पा म्हणाला, "इतकी वर्षं कुठं होतास?"

त्यानंतर दोघांनी एक आठचा आणि एक सहाचा जोड मिळून घ्यायचा आणि वाटून घालायचा असं ठरवलं, तोही सुधींद्रच्या दुकानातूनच. पण दोघांनी एकच प्रकार निवडणं भाग होतं, आणि तिथं भांडण लागलं. सत्याप्पाला लोफर हवे होते. नॉर्वेचे कोळी असले बिनलेसचे बूट घालायचे, पाय सरकवला की झालं. लेस बांधायला वाकलं की त्याचा तोल जायचा. गोपाळ म्हणाला, "लोफर माझ्या बारीक पायातून चौकापर्यंत जाईतो निसटेल. मला आवळता आलं पाहिजे."

बरीच हुज्जत झाल्यावर सुधींद्रनी मागच्या कपाटातून मंक काढले. ख्रिस्ती मठातले संन्यासी पूर्वी पट्ट्याचे बूट घालत, त्यांवरून हा प्रकार निघाला म्हणतात. लेस नाही, बाजूला एक बक्कल. उभ्या उभ्या लावता येतं आणि हवं तितकं आवळताही येतं. दोघांनी पाय घालून पाहिले. भांडण मिटलं.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. कार्यालयाच्या दाराशी मी होतो आणि माझ्या शेजारी मंकचे चार बूट. दार उघडं होतं, त्यातून मला आत दिसत होतं. सत्याप्पा पहिल्या रांगेत बसला होता. गुरुजींनी सांगितलं, वधूपित्यानं जावयाचे पाय धुवावेत. सुधींद्र पुढं सरकले.

आजवर ते बुटांवरून माणसं ओळखत आले होते. आता समोर बूट नव्हते. त्यांनी डावा पाय ताम्हनात घेतला, पाणी घातलं, पुसला. मग उजवा घेतला. तो त्यांच्या एका तळहातात मावला. त्यावर त्यांनी पाणी घातलं आणि थांबले. पुन्हा घातलं. बोटांच्या मधून हळूच अंगठा फिरवला.

"चला, मुहूर्त जवळ आला," गुरुजी म्हणाले.

"एकच मिनिट," सुधींद्र म्हणाले. "हा पाय मी अजून नीट बघितलेला नाही."

मित्रांनो, आता मी थकलोय. कातड्याला भेगा पडल्यात, एक टाच हलते. तुम्ही आपले बूट भिजल्यावर सावलीत वाळवा, आठवड्यातून एकदा पॉलिशचा हात फिरवा, लेस न सोडता ओढून काढू नका. एवढं केलंत तर ते तुम्हाला वर्षानुवर्षं साथ देतील. आणि कधी कुणाच्या दारात एखादा विचित्र जोड दिसला, तर माझ्यासारखं बाहेर बसून तर्क करू नका. तुम्हाला आत जाता येतं. जा, आणि ज्याचे बूट आहेत त्याच्याशी बोला.