खाडीपलीकडचा डॉक्टर

"नाकाक बोट लाय," पडद्यावरून डॉ. केंकरे म्हणाले. "आतां सिस्टराच्या बोटाक. परत नाकाक. बेगीन बेगीन."

गुणाजी गिरप खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. सुशीला आरोलकर त्याच्यासमोर स्वतःचं बोट धरून उभी होती. दोरीनं घासून चिरा पडलेलं त्याचं जाड बोट तिच्या बोटाला आणि त्याच्या नाकाला आळीपाळीनं लागत होतं. एकदाही चुकलं नाही.

"बरें. कितले म्हयने जाले फीट येवंक ना?"

"अकरा," गुणाजी म्हणाला. मग सुशीलेकडे वळून, "अकराच मा, सिस्टर?"

ती हो म्हणायच्या आत दार उघडलं आणि ट्रस्टचे सेक्रेटरी गुरुदास प्रभू आत आले. हातात कागद होता.

"सिस्टर, ते बंद करा."

"पेशंट बसलाय, साहेब."

"म्हणूनच सांगतोय."

सुशीला हलली नाही. मग प्रभूंनी स्वतःच भिंतीवरचं बटण शोधलं. डॉक्टरांनी काहीतरी सांगायला हात वर केला होता. तो तसाच विझला.

शिरोड्याजवळच्या त्या छोट्या ट्रस्ट हॉस्पिटलात सुशीला एकोणीस वर्षं नर्स होती. दोन वर्षांपूर्वी, २००६ साली, कुणा देणगीदारानं कॅमेरा, पडदा आणि संगणक दिला, आणि तळमजल्यावरची कोठाराची खोली रिकामी करून तिथं हे सगळं बसवलं. पडद्यावर येणारा डॉक्टर मात्र सुशीलेनं मिळवला होता. केंकरे खाडीपलीकडचे, गोव्यातल्या म्हापशाचे. मेंदूच्या आजारांचे डॉक्टर. आपल्या दवाखान्यात बसून दर मंगळवारी दुपारी दोन तास ते फुकट देत. रोग्यांशी कोकणीत बोलत, रोगी मालवणीत उत्तर देत, आणि सुशीलेला मध्ये पडावं लागत नसे. केंकरे सांगत ते औषध हॉस्पिटलचे तरुण डॉक्टर निकेत सामंत आपल्या कागदावर लिहून सही करत. औषध गावातच मिळे.

अख्ख्या जिल्ह्यात असा डॉक्टर नव्हता. फिटीचे चौदा पेशंट सुशीलेच्या रजिस्टरमध्ये होते. त्यांतला गुणाजी पहिला. लग्नानंतर दोन वर्षांनी त्याला फिट यायला लागली आणि होडीवरून त्याला उतरवलं. सहा वर्षं तो देवाला नारळ फोडत आणि घाडीकडून अंगारे आणत हिंडला. केंकऱ्यांनी दोन गोळ्या लावून दिल्या आणि तीन महिन्यांत फिट थांबली. होडीवर जायचं नाही, पण रापणीला हरकत नाही, असं त्यांनी सांगितलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून तीस-चाळीस माणसांनी मिळून ओढायचं जाळं. सगळे आजूबाजूला असतात. रापणीतला आपला वाटा गुणाजीनं पहिल्यांदा घरी नेला, तेव्हा त्याची बायको तुळसा चार बांगडे घेऊन हॉस्पिटलात आली होती.

प्रभूंनी आणलेल्या कागदात लिहिलं होतं, की ज्याचं नाव या राज्याच्या नोंदवहीत नाही, अशा परराज्यातल्या डॉक्टरकडून पडद्यावरून उपचार करवून घेणं बेकायदेशीर आहे. ते तात्काळ थांबवावं. कुणीतरी अर्ज केला होता. कुणी, ते लिहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी सुशीला रजिस्टर पिशवीत घालून, तो कागद जिथून आला त्या सरकारी ऑफिसात गेली. तिथले साहेब पन्नाशीचे, शांत बोलणारे होते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, चहा मागवला.

"सिस्टर, नोंदणी कशासाठी असते, हे तुम्हाला मी सांगायला नको."

नकोच होतं. दहा वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी एक माणूस पेटी घेऊन बसे आणि सुया टोचे. त्याच्या सुईनं एका बाईचा दंड सडला. त्याच्याविरुद्ध तक्रार सुशीलेनंच केली होती. साक्षही तिनंच दिली होती. त्या वेळी तिनं पहिला प्रश्न विचारला होता तो नोंदणीच्या नंबराचाच.

"केंकरे डॉक्टरांना नंबर आहे, साहेब. गोव्याचा आहे."

"ते गोव्यात चालेल. डॉक्टर कुठं बसलाय याला महत्त्व नाही. पेशंट कुठं बसलाय ते बघायचं. पेशंट महाराष्ट्रात, म्हणजे उपचार महाराष्ट्रात."

"आणि पेशंट बसनं म्हापशाला गेला तर?"

"मग काहीच प्रश्न नाही."

"तोच पेशंट, तीच गोळी, तोच डॉक्टर."

"हो."

"आणि खाडीच्या अलीकडे?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "अलीकडे कायद्यानं ते डॉक्टर नाहीत."

सुशीलेनं चहाला हात लावला नाही.

"त्यांनी इकडच्या नोंदणीसाठी अर्ज करावा," साहेब म्हणाले. "मिळेल. आम्ही काही कुणाचे वैरी नाही."

केंकऱ्यांनी अर्ज केला. आधी मूळ प्रमाणपत्रं मागितली गेली, मग तिकडचा ना हरकत दाखला. मग फोटोवरची सही अस्पष्ट आहे म्हणून सगळं परत आलं. दर वेळी सुशीला फोन करून विचारी आणि केंकरे हसून म्हणत, "आयज एक नवो कागद मागला." पावसाळा सरत आला तसे ते हसेनासे झाले.

त्या खोलीतला पडदा मात्र फार दिवस काळा राहिला नाही. ट्रस्टनं राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या, विदर्भातल्या एका हॉस्पिटलाशी करार केला. महिन्यातून एकदा तिथले एक डॉक्टर येत. साखर आणि रक्तदाब बघत. फिटीचं विचारलं तर म्हणत, "तुमच्या जवळ कुठं तज्ज्ञ असेल तर दाखवा." त्या डॉक्टरांना काय म्हणायचं? त्यांचं बरोबरच होतं. नंबरही बरोबर होता.

"तुम्ही फक्त जुनं औषध पुढं लिहून द्या," सुशीला डॉ. सामंतांना म्हणाली. "तेच, तेवढंच."

"मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, सिस्टर. उद्या काही झालं तर? आता पत्र आलंय. आता मला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही."

"काही होईल ते गोळ्या थांबल्या म्हणून होईल."

ते खाली बघून दुसऱ्या कुणाचा तरी केसपेपर लिहीत राहिले.

गुणाजी जूनमध्ये म्हापशाला गेला, ऑगस्टमध्ये गेला. दोन बस, रांग, परत दोन बस, असा दिवस मोडत होता. पण पावसाळ्यात दर्या बंदच असतो. नारळी पुनव झाली, रापण सुरू झाली, आणि तो सुशीलेकडे आला.

"सिस्टर, बांगडो लागलो हा. एक दिवस गेलो तरी वाटो जाता. एक पाकीट मेळता काय बघा मा."

हॉस्पिटलच्या कपाटात त्या गोळ्यांची दोन पाकिटं होती. तिनं एक दिलं. रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो पुन्हा आला, तेव्हा प्रभूंनी कपाटाची यादी करून किल्ली स्वतःकडे नेली होती.

"गुणाजी, आता म्हापशाक जाच. सगळा सोड आनि जा."

"ह्या आयतवारी मोठी रापण आसा. मंगळवारी जातंय."

तो मंगळवार आला नाही.

रविवारी सकाळी जाळं काठाजवळ आलं होतं. अशा वेळी चार-पाच जण मांडीभर पाण्यात उतरून जाळ्याची खालची दोरी पायांनी दाबून धरतात, नाहीतर मासे खालून निसटतात. मधूनमधून वाकावं लागतं. गुणाजी वाकला. बाकीच्यांना वाटलं, दोरी धरतोय. जाळ्यात बांगडे उसळत होते, सगळे ओरडत होते. जाळं आणखी दोन वाव, दहा-बारा फूट, वर आलं, तेव्हा कुणाच्या तरी पायाला तो लागला.

टेम्पोतून त्याला हॉस्पिटलात आणलं तेव्हा सुशीला ड्युटीवर होती. तिनं आणि सामंतांनी अर्धा तास छाती दाबली. नाकातोंडातून पाणी आणि वाळू आली. सामंतांचे हात थांबले तरी तिचे चालू होते. शेवटी त्यांनीच तिचं मनगट धरलं.

"सोडा," ती म्हणाली. पण हात तिचेही थांबले होते.

बाराव्यानंतर तुळसा आली. तिनं कमरेची पिशवी सोडून टेबलावर एक पुडी ठेवली. पुडीत गोळ्या होत्या, प्रत्येक मधोमध मोडलेली.

"अर्दी अर्दी खाय होतो," तुळसा म्हणाली. "माका म्हणालो, डाक्टरान कमी केल्यानी. माका खोटा सांगल्यान."

सुशीलेनं दोन अर्ध्या गोळ्या जुळवून पाहिल्या.

"तो कागद कोणी धाडलो, सिस्टर?"

"नाव नाय लिवलेला."

"ज्येनी धाडलो, तेच्या तोंडार शिरा पडो." तिनं हा शाप अगदी सावकाश, मोजून दिला. मग पुडी तिथंच ठेवून गेली.

पुढच्या आठवड्यात चौकशीचं पत्र आलं: मयत इसम ट्रस्टमार्फत परराज्यातील डॉक्टरचे उपचार घेत होता काय? प्रभूंनी सुशीलेला बोलावलं. खुर्ची दिली. त्यांच्या टेबलावर नवं कोरं रजिस्टर होतं.

"सिस्टर, मंगळवारच्या नोंदी यात पुन्हा उतरवून काढा. केंकऱ्यांचं नाव नको. 'सामान्य मार्गदर्शन' एवढंच लिहा."

"आणि जुनं?"

"जुनं मी बघतो."

"नाही लिहिणार."

"हॉस्पिटल बंद पडेल. चौदा पेशंटांसाठी चारशेंचं नुकसान करणार तुम्ही?"

"तेरा," सुशीला म्हणाली.

प्रभूंनी कोरं रजिस्टर तिच्याकडे सरकवलं.

"साहेब, तुमी त्या दिवशी बटण बंद केल्यात, तेवा तो बसलेलो. डॉक्टर काय सांगी होते, ता आयकूनसुदा घेवक दिल्यात नाय." एकोणीस वर्षांत ऑफिसात ती पहिल्यांदाच मालवणीत बोलली. आवाज चढला नव्हता, पण बाहेरच्या बाकावरची माणसं बोलायची थांबली. "त्या माणसान अकरा म्हयने एक गोळी चुकवल्यान नाय. तेच्या अकरा म्हयन्यांर तुमी म्हणतास, सामान्य मार्गदर्शन लिव. माज्या हातान लिव. कुत्र्याक मारतत, तरी खड्डो काढतत."

"शब्द जपून वापरा."

"एकोणीस वर्सां जपलंय."

तिनं जुनं रजिस्टर उचललं आणि पोस्टाशेजारच्या दुकानात नेऊन सगळ्या मंगळवारांच्या झेरॉक्स काढल्या. चौकशीला उत्तर म्हणून त्याच पाठवल्या. वर एका ओळीचं पत्र: डॉ. केंकरे यांनी उपचार केले. उपचारांत अकरा महिने फिट आली नाही. उपचार बंद करण्यात आले. खाली पूर्ण नाव आणि सही. कपाटातून दिलेल्या त्या एका पाकिटाचंही तिनं लिहिलं. दुसरं पाकीट आपण दिलं नाही, हेही लिहिलं. ते कुणी विचारलं नव्हतं.

त्या पाकिटासाठी तिला लेखी समज मिळाली. बाकी कशाचंच उत्तर आलं नाही. केंकऱ्यांचा अर्ज विचाराधीनच होता.

मग तिनं दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी रजा टाकायला सुरुवात केली. प्रभूंनी नामंजूर केली, तेव्हा बिनपगारी टाकली. पहाटेच्या एस.टी.त ती तेरांपैकी येतील तेवढ्यांना घेऊन बसे. पहिल्या खेपेला चार पेशंट आले. सत्तरीची गोदूबाई होती, दहावीतली तन्वी आणि सोबतीला तिचा बाप होता, आणि आरवलीचे दोघे भाऊ. जे येऊ शकत नसत त्यांचे केसपेपर सुशीलेच्या पिशवीत असत, पण केंकरे मान हलवत. न बघता औषध देणार नाही म्हणत. त्या वेळी तिला त्यांचाही राग येई, आणि बसमध्ये परत बसेपर्यंत तो जाई.

संध्याकाळी परतताना खाडीवरचा पूल ओलांडला की नाक्यावर गाडी थांबे. गोव्यातून दारू आणतात म्हणून शिपाई चढून पिशव्या तपासत. त्या दिवशीच्या शिपायानं गोदूबाईचं गाठोडं चाचपलं, तन्वीचं दप्तर उघडून पाहिलं, आणि सुशीलेच्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. हाताला कागदी पाकिटं लागली. प्रत्येकावर नाव लिहिलेलं.

"येवढ्यो गोळयो कसल्यो?"

"फिटीच्यो."

"कोणाच्यो?"

तिनं मागच्या बाकांकडे मान केली. पाचही जण त्याच्याकडे बघत होते. त्यानं एक पाकीट नाकाशी नेलं, हलवलं आणि परत ठेवलं.

"बाटली नाय मा खंय?"

"नाय."

तो खाली उतरला, गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, आणि ड्रायव्हरनं गिअर टाकला. सुशीलेनं पाकिटं मांडीवर घेऊन, विस्कटलेली नावं पुन्हा क्रमानं लावली.