समुद्राकडची भिंत

"अगं, समुद्र तिकडे आहे!" कप्तान म्हणाले.

"माहीत आहे मला," म्हणत त्यांच्या बायकोने प्लास्टिकची खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली आणि ऐसपैस बसली.

ही माझीच पद्धत. घराचा नकाशा पक्का करण्यापूर्वी मी मोकळ्या जागेवर खुंट्या ठोकते, दोऱ्या बांधते आणि घरमालकांना त्या दोऱ्यांच्या घरात तासभर बसवते. कागदापुढे नुसती मान डोलावणारी माणसं जागेवर बसली की खरं बोलतात. आज मात्र ही पद्धत माझ्याच मुळावर आली होती.

जन्मभर मी दुकानांचे पोटमाळे आणि बाथरूमच्या दुरुस्त्या यांचेच नकाशे काढले. समुद्रकाठची जागा पहिल्यांदाच हाती आली होती, आणि या वयात दुसरी कोण देतंय? मनात होतं ते वाळूच्या टेकाडाच्या कुशीत दबून बसलेलं बुटकं घर, एकही झाड न तोडता, आणि समुद्राकडे सबंध काचेची भिंत. त्या भिंतीवर माझा जीव जडला होता.

कप्तान हे नुसतं म्हणायला. नोकरी जहाजाच्या इंजिनावरची. "ताई, उभा जन्म समुद्रावर काढला, पण पाहिला कुठे? खाली इंजिनापाशी खिडकी कुठली आलीय?"

"आणि मी घरी काय केलं?" बायको म्हणाली. "वादळ आलं की पोरींना निजवायचं आणि खिडकीशी बसायचं. तुम्ही तिकडे होतात म्हणून तिकडे बघायचे. आता तुम्ही इकडे आहात."

भिंत वाचवायला मी पडदे सुचवणार होते, पण माझी मलाच लाज वाटली.

कप्तानांनी आपली खुर्ची उचलली, तिच्या शेजारी आणली आणि समुद्राकडे पाठ करून बसले. पण लाट फुटली की मान वळायचीच. ती ते बघत होती.

"ताई, ह्यांच्यासाठी एक खिडकी ठेवा," शेवटी ती म्हणाली. "पण बसल्या जागेवरून दिसणारी नको. उठून जावं लागेल अशी."

"उठून कशाला?" मी विचारलं.

"हे गेले की मला कळेल. आणि परत आले की तेही."

मी वाकून काचेच्या भिंतीच्या खुंट्या उपटायला लागले. वाईट वाटत होतंच. कप्तान मदतीला उठले, तशी तिने हात धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा हो जरा," ती म्हणाली.