चौकड्यांच्या शर्टातली कादंबरी

घोड्याची कादंबरी म्हणतात ती मीच, मित्रांनो. माझं खरं नाव मुखपृष्ठाबरोबर गेलं. मुखपृष्ठावर एक पांढरा घोडा उधळलेला होता, घोड्यावर सरदार, आणि त्याच्या मागे, न घसरता कशी बसली होती कोण जाणे, आमची नायिका केतकी. लोकांनी घोडा लक्षात ठेवला आणि नाव विसरले. आता मी जुनी झाले आहे. पानं पिवळी, कडा ठिसूळ. अंगावर मात्र चौकड्यांच्या शर्टाचं कापड आहे. पुस्तकाला शर्ट कशाला, असं तुमच्या मनात आलंच असेल. तेच सांगते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझे खिळे जुळवणाऱ्या माणसाला केतकीच्या विरहाच्या पानावर जांभई आली होती, हे मी अजून विसरलेले नाही. तिथून मी पिंपरीच्या एका कामगार वसाहतीतल्या वाचनालयात आले. ते माझे सोन्याचे दिवस. मला घरी न्यायला नंबर लागायचे. पुरुष वाचक मला 'लढाईसाठी' न्यायचे. लढाईची पानं भराभर उलटायचे आणि केतकी सरदाराला विहिरीवर पहिल्यांदा भेटते त्या पानावर मशीनच्या तेलाचे अंगठे उमटवून जायचे. परत करताना गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "इतिहास चांगला आहे." मित्रांनो, माणूस काय म्हणतो ते ऐकावं, पण त्याचा अंगठा कुठं उमटलाय तेही बघून ठेवावं.

मग घरोघरी टीव्ही आले. वाचनालयात धूळ बसू लागली आणि एक दिवस आमचे गठ्ठे बांधून रद्दीच्या दुकानात गेले. तिथून मला पिंपळे गुरवच्या तानुबाईंनी उचललं. तानुबाई चाकणच्या एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. मला हातात घेताच त्यांनी पहिल्यांदा शेवटचं पान उघडलं. ही त्यांची पद्धतच होती. कोण जगतं आणि कोण मरतं हे कळल्याशिवाय त्या कोणाला जीव लावत नसत. माझ्या शेवटच्या पानावर केतकी सरदाराची वाट बघून बघून बुरुजावरून उडी घेते. तानुबाईंनी ते वाचलं, नाक मुरडलं आणि तरीही मला पिशवीत टाकलं.

दुसऱ्या दिवसापासून माझी कंपनीच्या बसमध्ये नोकरी सुरू झाली. पहिल्या शिफ्टच्या बायका पुढच्या बाकांवर बसायच्या आणि तानुबाई मोठ्यानं वाचायच्या. चाकणच्या चौकात कांद्याचे ट्रक अडकले की बस तासभर हलायची नाही. ड्रायव्हर उद्धवराव इंजिन बंद करून मागे वळायचे.

"तानुबाई, चौक लागला. काढा सरदाराला बाहेर!"

वाचन म्हणजे नुसतं वाचन नव्हतं. तानुबाई मध्येच थांबून मला फैलावर घ्यायच्या. "एवढा घोडा पळवला, पण त्याला पाणी पाजल्याचं एका तरी पानावर हाय का?" किंवा, "तलवार उपसून हा भाषण करतोय आणि समोरचा गुमान ऐकून घेतोय. आपल्या सुपरवायझरपुढं असं बोलायला मिळालं असतं तर!" सगळी बस हसायची. मी मनातून चिडायचे. पण सगळ्यात जास्त त्या अडायच्या एका साध्या वाक्यावर: 'दासीने समया उजळल्या.'

"ह्या दासीला नाव न्हाई? रोज समया लावती, पडदे सारती, केतकीचे केस विंचरती. घोड्याला नाव हाय आणि हिला न्हाई. का? आपल्यासारखीच असंल ना ती? आपणच असू तिथं." मग त्यांनी तिचं नाव ठेवलं गंगू. त्या दिवसापासून जिथं जिथं 'दासी' छापलेलं होतं तिथं तिथं तानुबाई 'गंगू' वाचू लागल्या, आणि बायका सरदारापेक्षा गंगूचीच जास्त चौकशी करू लागल्या.

तरी भेटीचं पान आलं की तानुबाईंचा आवाज आपोआप उतरायचा. कोणी चिडवलं तर म्हणायच्या, "खोटं असतंय ठाऊक हाय गं. पण कोणीतरी कोणाची एवढी वाट बघतंय, हे ऐकायला बरं वाटतं. आपली वाट फक्त ही बस बघती, ती पण हॉर्न मारून."

यावर सगळ्या हसायच्या. शालनबाई तेवढ्या हसायच्या नाहीत. शालनबाई रहाटणीला एकट्या राहायच्या. त्यांचा नवरा सोनबा ट्रक घेऊन गेला तो परत आला नाही. नाशिककडं त्यानं दुसरं घर मांडलंय, हे सगळ्या बसला माहीत होतं. शालनबाईंनाही माहीत होतं. तरी दर रविवारी त्या सोनबाचे शर्ट धुऊन दोरीवर वाळत घालायच्या, घडी करायच्या आणि पुन्हा कपाटात ठेवायच्या. रोज बसमधून उतरताना त्या एकच गोष्ट विचारायच्या, "तानुताई, केतकीचा सरदार येतो ना गं शेवटी?"

तानुबाई म्हणायच्या, "ऐक की. घाई काय?" पण मी पिशवीत होते. त्यांचा हात माझ्यावर घट्ट आवळायचा, ते मला कळायचं.

शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि खंडेनवमी आली. कारखान्यात मशीन धुऊन-पुसून, हार घालून पूजा मांडली. तानुबाई बौद्ध घरातल्या. त्या पूजेला हात जोडत नसत, पण पेढे वाटायला सगळ्यांच्या पुढे असत. त्या पेढे वाटत होत्या तेवढ्यात शालनबाईंनी भक्तिभावानं मला पिशवीतून काढलं आणि पॅकिंगच्या मशीनपाशी ठेवलं. मला हळदकुंकू वाहिलं. "हिच्यामुळंच तर रोजची शिफ्ट निघती," म्हणाल्या. उभ्या आयुष्यात माझा एवढा मान कोणी केला नव्हता. मी फुगून बसले होते आणि कोणीतरी मशीनच्या पायाशी नारळ फोडला.

सगळं पाणी माझ्यात गेलं. मुखपृष्ठावरचा घोडा विरघळला. माझं शेवटचं प्रकरण लगदा होऊन निघालं.

तानुबाई धावत आल्या. "अगं शालन! पुस्तकाला पूजा न्हाई लागत, वाचणारा लागतो!" त्या ओरडल्या खऱ्या. पण शालनबाई तो लगदा ओंजळीत धरून उभ्या होत्या, त्यांचा चेहरा पाहून तानुबाईंनी मला पदरानं टिपायला घेतलं.

आम्ही परतीच्या बसमध्ये बसलो. चौक आला. उद्धवरावांनी सवयीनं इंजिन बंद केलं. शालनबाई हळूच म्हणाल्या, "तानुताई, तू तर शेवट आधीच वाचतीस. सांग ना. येतो का तो?"

मित्रांनो, त्या बसमध्ये खरा शेवट माझ्यापाशीही उरला नव्हता. तो फक्त तानुबाईंच्या डोक्यात होता. बुरुज, उडी आणि खाली दरी. तानुबाईंनी शालनबाईंकडं पाहिलं. मग मला मांडीवर उघडं धरून, जिथं काहीच नव्हतं तिथं बोट ठेवून त्या वाचू लागल्या.

"केतकी बुरुजावर उभी होती. गंगू वर आली आणि म्हणाली, बाईसाहेब, समईतलं तेल संपलं. आता मी पुन्हा भरणार न्हाई. तुम्ही ज्याच्यासाठी दिवा लावता त्याला वाट ठाऊक हाय. यायचं असतं तर तो अंधारातनं पण आला असता. केतकीनं दरीकडं पाहिलं, मग गंगूकडं. खाली उतरली. दोघींनी घोड्याला आधी पाणी पाजलं. मग खोगीर चढवलं, आणि गेल्या."

"कुठं गेल्या?" मागून कोणीतरी विचारलं.

"त्याचं पान भिजलं," तानुबाई म्हणाल्या.

खरं सांगते, मला राग आला होता. माझ्यात नव्हतं ते माझ्या नावावर खपवलं गेलं होतं! पण शालनबाई खिडकीबाहेर बघत होत्या. पुटपुटल्या, "घोड्याला पाणी पाजलं, ते बरं केलं."

पुढच्या सोमवारी त्यांनी मला मागून घेतलं. परत दिलं तेव्हा माझ्या उघड्या अंगावर निळ्या चौकड्यांचं, बारीक टाक्यांनी शिवलेलं कव्हर होतं. सोनबाचा शर्ट. त्यानंतर रहाटणीच्या दोरीवर रविवारी फक्त शालनबाईंच्याच साड्या वाळू लागल्या.

वर्षं गेली. बायका एकेक करत कामावरून सुटल्या. मी तानुबाईंच्या कपाटात, शालींच्या खाली पडून राहिले. मला बसची फार आठवण यायची.

परवा तानुबाईंची लेक मैत्री माझी नवी कोरी आवृत्ती घेऊन आली. गुळगुळीत कागद, नवा घोडा. नेमक्या शालनबाई भेटायला आलेल्या. मैत्रीनं मला कपाटातून काढून रद्दीच्या ढिगावर ठेवलं आणि उत्साहानं नवीचं शेवटचं पान उघडलं. आईचीच लेक ती!

"आई, हे काय? तू तर सांगायचीस, ती घोड्यावरून जाते. यात तर ती बुरुजावरून..."

"मैत्री, आधी चहा ठेव," तानुबाई घाईनं म्हणाल्या.

"अगं पण यात उडी..."

झालं. शब्द बाहेर पडला. शालनबाईंनी हात पुढं करून नवं पुस्तक घेतलं. चष्मा लावला. शेवटचं पान सावकाश वाचलं. तानुबाईंची मान खाली गेली होती. शालनबाईंनी पुस्तक मिटून मैत्रीच्या हातात परत दिलं.

"छापताना घोटाळा झालाय पोरी," त्या म्हणाल्या. "केतकी घोड्यावरनं गेली, गंगूच्या संगट. आमी सगळ्या होतो की तिथं. उद्धवरावांना विचार पाहिजे तर."

मैत्री आईकडं बघत राहिली. तानुबाईंनी मान वर केली. "व्हय," त्या म्हणाल्या, "छापणाऱ्याचंच चुकलंय."

शालनबाईंनी मला रद्दीवरून उचललं, कव्हरचा एक सुटलेला टाका बोटानं दाबला आणि मला मांडीवर घेऊन बसल्या. मी छापील जात. छापलेलं तेच खरं, असं मानत आयुष्य काढलं. त्या मांडीवर पहिल्यांदा वाटलं, माझ्या लेखकाला एखादी तानुबाई भेटायला हवी होती.

म्हणून मित्रांनो, घरातलं जुनं पुस्तक रद्दीत टाकण्याआधी एकदा उघडा. मोठ्यानं वाचा. त्याच्याशी भांडा, त्यातल्या बिननावाच्या माणसांची नावं विचारा. पानं दुमडलीत तरी चालतील, तेलाचे अंगठे उमटले तरी चालतील. फक्त त्याच्या जवळ नारळ फोडू नका. सगळ्याच पुस्तकांना तानुबाई मिळत नाही.