सिस्टरचा सिनेमा

न्हावऱ्याच्या चौकात चहाच्या टपरीसमोर संपतनं जीप उभी केली. इंजिन थांबलं आणि मागच्या सीटवरून गेणबाचं वाक्य सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"निम्मं खोटं हाय त्या पडद्यावरचं."

"आबा, आधी चहा घ्या," संपत खाली उतरत म्हणाला. "मग भांडू."

शिरूरला बाराचा खेळ सुटून तासभर झाला होता. उपकेंद्राच्या जुन्या नर्स मनोरमा सिस्टरवर सिनेमा निघालाय हे कळल्यापासून संपत भांडगावात सांगत सुटला होता, की माझी नाळ सिस्टरनं कापलीय, तेव्हा ज्यांना बघायचाय त्यांना मी जीपनं फुकट नेणार. सगळं गाव हो म्हणालं आणि निघताना तिघंच आली. प्रतिभा ही उपकेंद्रातली तरुण नर्स. दोन वर्षांपूर्वी ती गावात बदलून आली, तेव्हा सिस्टरला वारून सहा वर्षं झाली होती. तिनं सिस्टर पाहिली ती फक्त उपकेंद्राच्या भिंतीवरच्या फोटोत. गेणबा सत्तरीतला, एके काळी भीमेच्या काठानं मेंढरं घेऊन फिरलेला. आणि चांगुणा, साठीला टेकलेली. सिनेमा सुटल्यापासून ती एक शब्द बोलली नव्हती.

चौघं बाकावर बसली. टपरीवाल्यानं चहा आणून दिला.

"मला तर रडवलं त्या बाईनं," संपत म्हणाला. "काय काम केलंय! नदीला पूर, वर ईज कडाडती, आन् ही काहिलीत ताठ उभी. अंगावर काटा आला राव."

"काहिलीत कुणी उभं राहतंय व्हय?" गेणबानं बशीतला चहा तसाच धरून ठेवला. "गूळ शिजवायची कढई ती. पाण्यात गरागरा फिरती. उभं राह्यलं की गेलं खाली. सिस्टर बुडाशी फतकल मारून बसली हुती, पिशवी उराशी धरून. आन् ओकत हुती."

प्रतिभा हसली. "मला हात नाही पटले तिचे," ती म्हणाली. "बाळंतपण करताना नर्सची नजर हातावर असते हो. ही आपली सारखी वर बघते. एवढ्या चिखलातून आली आणि साडीला एक डाग नाही. खऱ्या माणसाचं नाव घेऊन सिनेमा काढायचा, तर माणूस खरा दिसायला नको?"

"खरं दाखवलं तर बघंल कोण, ताई?" संपत म्हणाला.

"मी बघंन," गेणबा म्हणाला. "सिस्टर एवढीशी हुती. रंगानं माझ्यासारखी. आवाज म्हंजी फुटकी घागर. आन् ही बया गोरीपान, मंजूळ बोलणारी. सिस्टर कवा मंजूळ बोलली? त्या दिशी मला म्हणाली, ए मेंढक्या, हात हायत न्हवं तुला, मग बघत काय उभा राह्यलास?"

"म्हणजे काहील तुम्ही नेली होती?" प्रतिभानं विचारलं. "सिनेमात तर सगळा गाव मदतीला येतो."

"गाव काठावर उभं हुतं," गेणबा म्हणाला. "पल्याडनं अडलेल्या बाईचा नवरा पोपट दोन तास हाका मारत हुता. पण वस्तीवरच्या बाईपायी पुरात कोण उतरणार? गुऱ्हाळाची काहील पालथी पडली हुती. ती सिस्टरनं अन् मी दोघांनी ओढली. वल्हं न्हवतं, लाकडी फावड्यानं पाणी मारलं म्या." त्यानं बशी खाली ठेवली. "तेबी जाऊ द्या. पण पल्याड जे झालं त्येच बदललंय त्यांनी. तिथं खोटं बोलायचं न्हाई. येत्या रविवारी शाळेत त्या सिनेमावाल्यांचा सत्कार हाय न्हवं? त्या बयेपुढं उभा राहून सांगणार हाय मी, बाई, तसं न्हवतं."

"मग कसं होतं?" प्रतिभानं विचारलं.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय याची गेणबाला आत्ता आठवण झाल्यासारखी त्याची मान खाली गेली. संपत उगाच जीपच्या टायरकडे बघू लागला.

"मी सांगते," चांगुणा म्हणाली.

तिनं पदर सावरला. आवाज नेहमीसारखाच होता, भाजीचा भाव सांगावा तसा.

"पोरी, ती पल्याडची बाई मी. एकोणीस वर्साची हुते. कळांचा तिसरा दिस हुता. सिस्टर आली तवा मी अर्धी गेलेलीच हुते. तिनं लई केलं. रात उलटूस्तोवर केलं. पोरगा झाला. रडला न्हाई. तिनं त्येच्या तोंडात तोंड घालून फुंकलं, पाय चोळलं, तरी न्हाई. मग माझं रगात थांबंना, तर त्येला बाजूला ठिऊन माझ्यामागं लागली. मी वाचले."

प्रतिभाच्या हातातला कप तिच्या गुडघ्यावर स्थिर होता.

"बाया म्हणाल्या, पोराला लगेच न्या, आईला दावू नका. सिस्टर त्यांच्यावर वरडली. पाणी ऊन करून त्येला धुतलं, पुसलं आन् माझ्या कुशीत दिलं. म्हणाली, बघून घे तुझं पोर. तेवढं केलं म्हणून मला त्येचं तोंड ठावं हाय."

"मावशी," प्रतिभा हळूच म्हणाली, "मग सिनेमात ते बाळ रडतं, जगतं... तुम्हाला किती लागलं असेल ते बघून. त्यांनी निदान तुम्हाला विचारायला तरी हवं होतं."

"विचारलं की."

गेणबानं मान वर केली.

"दोन वर्सांमागं पुण्याची पोरं आली हुती, टेप घिऊन. दादा, तुम्ही तवा दौंडला लेकीकडं हुता. त्यांच्यापाशी सिस्टरची वही हुती. समद्या बाळंतपणाचं तिनं लिव्हलेलं, पोरगा का पोरगी, वजन किती. त्या दिसापुढं नुसतं गाव लिव्हलं हुतं आन् 'काहिलीतून'. म्होरं कायबी न्हाई. त्यातली एक पोरगी मला म्हणाली, मावशी, काय झालं होतं? मी म्हणलं, पोरगा. ती म्हणाली, जगला ना?"

चौकातून उसाची एक बैलगाडी चालली होती. ती पुढं जाईपर्यंत चांगुणा थांबली.

"मी म्हणलं, व्हय. लई मोठ्यानं रडला."

"आगं पण का?" गेणबाचा आवाज चढला. "खोटं का बोललीस?"

"दादा, तुमी काहील घिऊन माघारी गेला. सिस्टर तीन दिस माझ्यापाशी ऱ्हायली. पुढं आमी भांडगावला आलो, तरी वर्सातनं एकदा तरी यायची. कपभर चहा घ्यायची आन् दर बारीला इचारायची, रागावलीस का गं अजून? तीस वर्सं इचारलं तिनं. मी कशापायी रागवू? मी जित्ती हाय ती तिच्यामुळं. पुढं माझी लेक सीमा जलमली ती तिच्यामुळं. तिला सांगून सांगून थकले. तिला काय खरं वाटलं न्हाई." तिनं रिकामा कप बाकाखाली ठेवला. "वहीत तिला लिव्हवलं न्हाई. मग मी लिव्हलं."

संपतनं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

प्रतिभानं विचारलं, "मावशी, त्या नटीचं काम कसं वाटलं तुम्हाला?"

"बाकीचं मला कळत न्हाई," चांगुणा म्हणाली. "पर पोरगं रडल्यावर ती मटकन खाली बसली बघ. भिंतीला टेकून. आन् हसली. दात दिसत्याल एवढं हसली. सिस्टरला तसं हसताना मी कवाच बघितलं न्हाई." ती बाकावरून उठली. "चांगलं काम केलं तिनं. लई चांगलं."

परतीच्या वाटेवर वाद झाला नाही. पारगावच्या पुलावर संपतनं गाडी हळू केली. पाणी फार नव्हतं. गेणबा खिडकीतून खाली बघत राहिला आणि पूल संपल्यावर त्यानं डोळे मिटून घेतले.

रविवारी शाळेच्या पटांगणात मांडव होता. पुण्याहून चौघं आली होती. त्यात ती नटीही होती. साध्या सुती साडीत ती पडद्यावरच्यापेक्षा लहान दिसत होती. हेडमास्तरांचं भाषण झालं, नारळ-शाली झाल्या. संपतनं उत्साहाच्या भरात माईक हातात घेतला आणि आपल्या गावात त्या रात्रीचा साक्षीदार आहे, खुद्द काहील चालवणारा, असं सांगून टाकलं. मग आपण काय केलं हे लक्षात आल्यावर तो माईक तसाच हातात धरून उभा राहिला.

नटी लगबगीनं व्यासपीठावरून खाली उतरली. गेणबापुढं वाकून तिनं त्याच्या पायाला हात लावला.

"आबा, माझ्या मनात सारखं येतं," ती म्हणाली. "मी जे केलं ते कितपत खरं होतं? तुम्ही तिथं होतात."

गेणबा काठी टेकून उठला. बायकांच्या रांगेत दुसऱ्या ओळीत चांगुणा बसली होती. तिच्या शेजारी प्रतिभा. दोघीही त्याच्याकडे बघत होत्या.

"काहिलीत उभं राहायचं नसतं बाई," तो म्हणाला. "तेवढं चुकलं."

मांडवात हसू उसळलं. नटीही हसली.

"आणि ते बाळ? ते खरंच एवढं रडलं होतं?"

गेणबानं घसा साफ केला. काठीवरचे दोन्ही हात त्यानं एकमेकांवर नीट ठेवले.

"मी काहील घिऊन माघारी आलो हुतो," तो म्हणाला. "अल्याडच्या काठाला लागलो, तितवर ऐकू आलं."

मग तो खाली बसला.