बर्फावर थांबायचं नाही

बोटीला बर्फ जाड नि गाडीला पातळ, असे तीन आठवडे गेले. पलीकडच्या किनाऱ्यावर आमची लेक मारेत, तिला बाळ झालेलं, आणि इकडे बेटावर माझी बायको हेल्मी नुसती दार-खिडकी, दार-खिडकी करत होती.

आज गोठलेल्या समुद्रावरचा रस्ता खुला झाला. लेकीला चकित करायला आम्ही न कळवताच निघालो.

अर्ध्या वाटेत समोरून जावयाची लाल गाडी आली. आत मारेत, कुशीत बाळ!

"अहो, थांबवा!"

"वेड लागलंय? थांबलो तर खालचा बर्फ फुटेल."

मारेतने बाळ काचेशी धरलं. गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या.

हेल्मीने फोन लावला. बिझी. पुन्हा बिझी. पुन्हा लावला.

"अगं बये, तू तरी थांब जरा!" मी ओरडलो. "तीही तुलाच लावतेय!"