माणूस नसतानाचा चेहरा

खोलीत आठ पिंजरे होते. सहा पिंजऱ्यांत दोन-दोन आणि उरलेल्या दोहोंत एकेक, असे चौदा पांढरे उंदीर. पाण्याच्या आठ बाटल्या, एक वजनकाटा, दाराला वहीएवढी काच, आणि स्टुलावर बसून एकाच उंदराकडे टक लावून बघणारी ती. संस्थेत सगळे तिला ‘मोजपट्टी’ म्हणत. ही चहातली साखरही वजन करून घालेल, असं म्हणायचे, आणि ते फारसं खोटं नव्हतं.

मूळचे उंदीर सोळा. प्रत्येकाच्या उजव्या गुडघ्यावर तिने स्वतः शस्त्रक्रिया केली होती. आठांच्या सांध्यात नवं औषध सोडलं होतं, आठांच्या सांध्यात नुसतं मिठाचं पाणी. औषधाच्या गटातल्या दोघांची जखम चिघळली, तेव्हा प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी त्यांना कायमचं झोपवलं. गटात उरले सहा. सहाच्या खाली गेलं की निष्कर्षाला अर्थ नाही. मग सगळं पहिल्यापासून, नवे उंदीर, नवी परवानगी. आणि तिची शिष्यवृत्ती महिनाअखेरीस संपत होती.

म्हणून शेपटीवर तीन निळे पट्टे असलेल्या या उंदरापाशी तिचं घोडं अडलं होतं.

उंदीर कण्हत नाही. त्याचं दुखणं चेहऱ्यावरून वाचायचं: डोळे किती मिटले, गाल किती सपाट झाले, कान किती वळले, मिशा किती ताठल्या. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, जास्तीत जास्त आठ. चार झाले की वेदनाशामक टोचायचंच, असा नियम. पण ते टोचलं की गुडघ्याची सूजही उतरते, आणि तिला मोजायची होती ती सूजच. टोचलेला उंदीर गटातून बाद.

डोळे एक की दोन? तिने तिसऱ्यांदा वाकून पाहिलं. उंदराने मान उचलली, नाक हलवलं. एक. गाल एक, कान एक, मिशा शून्य. तीन.

आकडा लिहून ती बाहेर पडली. हायसं वाटायला हवं होतं, पण पाय एका जागी ठरेनात. व्हरांड्यातच तिचे मार्गदर्शक सर भेटले.

“किती?”

“तीन.”

“चला, जीव भांड्यात पडला!”

“पण सर, डोळ्यांचं जरा...”

“तीन आले ना? मग तीन. उगाच चाराच्या मागे लागू नकोस. हा गेला तर आणखी सोळा आणावे लागतील. त्यांचे गुडघे कोण कापणार, तूच ना?”

मुद्दा खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो जास्त टोचत राहिला. तेवढ्यात आईचा फोन आला.

“जेवलीस?”

“हो.”

“खोटं. लहानपणी उंदीर दिसला की पलंगावर चढून बसायचीस, आणि आता त्यांच्यापायी घरी यायला फुरसत नाही.”

“आई, एका उंदराचं जरा दुखतंय बहुतेक.”

“मग औषध द्या की. एवढे डॉक्टर कशाला भरलेत तिथे?”

“मी अजून डॉक्टर नाही गं.”

“तेच म्हणते मी. कधी होणार?”

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं, आपला कोट स्टुलावरच राहिला. ती परत गेली आणि दार उघडण्याआधी सहज काचेतून आत पाहिलं.

निळ्या पट्ट्यांचा उंदीर कोपऱ्यात होता. पाठीला पोक, डोळ्यांच्या जागी दोन रेघा, कान मागे वळलेले, उजवा पाय अधांतरी. सोबतचा उंदीर त्याला हुंगून गेला, तरी तो हलला नाही. तिने कडी फिरवली. खट्ट झालं. उंदराने मान उचलली, डोळे उघडले, कान पुढे आणले. ती स्टुलाशी पोहोचेपर्यंत तोच मघाचा, तीन गुणांचा चेहरा तयार होता.

ती बाहेर आली, काचेशी थांबली. हळूहळू डोळ्यांच्या पुन्हा रेघा झाल्या.

शिकार होणारा प्राणी माणसादेखत दुखणं लपवतो, हे तिने परीक्षेत लिहिलं होतं, वर पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. म्हणून तर कॅमेरा ठेवून खोली रिकामी करायची आणि मग चित्रावरून गुण द्यायचे, अशी पद्धत होती. वेळ वाचतो म्हणून तिने मध्येच कॅमेरा सोडून स्टूल धरलं. उंदीर आपल्याला सरावलेत, असं तिला वाटलं होतं.

डॉक्टरबाई चहा घेत होत्या. “काय गं मोजपट्टी, डोळे बारीक, गाल सपाट! तुलाच गुण देऊ का?”

“मॅडम, मी खोलीत बसून गुण देत होते.”

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. “कधीपासून?”

“नऊ दिवस झाले.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना.”

“आणि मला आज सांगतेस?”

“मला आजच कळलं.”

“कळलं नव्हतं, की बघायचं नव्हतं?”

ती न राहवून म्हणाली, “हा गेला तर पाच उरतात, मॅडम. मग नवे सोळा आणायचे, त्यांचेही हाल...”

“त्या सोळांचं त्या वेळी बघू. तेही मीच तपासणार आहे. पण त्यांच्या वाटची कळ याने आजच सोसायची, हा कुठला न्याय? ऊठ, कॅमेरा आण.”

वीस मिनिटं दोघी बाहेर बाकावर बसल्या. ती चार वेळा उठली, चार वेळा बसली. मग गट कोणता ते न विचारता डॉक्टरबाईंनी चित्रं पाहिली. डोळे दोन, गाल एक, कान दोन, मिशा एक. सहा.

“तूच टोच,” त्या म्हणाल्या. “मी धरते.”

तिने टोचलं. सरांना निरोप पाठवला: ‘औषधाच्या गटात पाच उरले. चूक माझी आहे. बाकीचेही तपासतेय.’ लगेच फोन वाजू लागला. तिने तो खणात टाकला, खण लावला. लाकडातून घरघर ऐकू येत राहिली.

तासाभराने पुन्हा कॅमेरा ठेवला. निळे पट्टे: डोळे शून्य, गाल एक, कान शून्य, मिशा शून्य. एकूण एक.

मग एकेक करून सगळ्या पिंजऱ्यांसमोर कॅमेरा फिरला. क्रमांक झाकलेले होते. डॉक्टरबाई आकडे सांगत गेल्या, ती लिहीत गेली.

उरलेल्या तेरा उंदरांपैकी चार किंवा अधिक गुण मिळालेले: तीन.